नाव, नोंद आणि वंश : 'डिझायनर' संकरित श्वानांच्या नोंदणीव्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत 'संकर' हा शब्द दोन परस्परविरोधी अर्थच्छटा घेऊन वावरतो. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात येणारी 'वर्णसंकर' ही कल्पना भयसूचक आहे. शेतीच्या भाषेत मात्र संकरित ज्वारी, संकरित गाय हे शब्द सुधारणा आणि वाढीव उत्पन्न सुचवितात. एकाच शब्दात दोष आणि गुण असे दोन्ही नांदावेत, ही केवळ भाषेची गंमत नाही. संकराकडे पाहण्याच्या मानवी वृत्तीतच हे द्वैत आहे. श्वानपालनाच्या क्षेत्रात गेल्या चार दशकांत उभा राहिलेला 'डिझायनर' संकरित श्वानांचा वाद हे या द्वैताचे ठळक उदाहरण होय.

दोन भिन्न, मान्यताप्राप्त जातींच्या नर-मादीपासून हेतुपुरस्सर पैदा केलेल्या आणि जोडनावाने विकल्या जाणाऱ्या श्वानांना ही संज्ञा लावली जाते. लॅब्राडोर व पूडल यांचा 'लॅब्राडूडल', कॉकर स्पॅनियल व पूडल यांचा 'कॉकापू', कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल व पूडल यांचा 'कॅव्हापू', पग व बीगल यांचा 'पगल' ही त्यांतील परिचित नावे. शुद्ध जातींचे पुरस्कर्ते या श्वानांना बाजारू भेसळ मानतात, तर संकराचे पुरस्कर्ते त्यांना निरोगी पर्याय म्हणतात. या वादात एक प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो : नोंदणीचे प्रमाणपत्र नेमके कशाचे प्रमाण असते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने संकरित श्वानांची पैदास आणि नोंदणी यांची चिकित्सा केली आहे. दोन्ही पक्ष एकमेकांवर दोषारोप करीत असले तरी दोघांचीही भिस्त एकाच गृहीतकावर आहे, आणि ते म्हणजे वंशाची नोंद हीच गुणवत्तेची हमी. हे गृहीतकच तपासून पाहण्याची गरज आहे.

वंशनोंदवहीची परंपरा

श्वानांच्या जाती प्राचीन असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः आज ज्या अर्थाने 'जात' हा शब्द वापरला जातो, तो अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये श्वानप्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लबची स्थापना झाली आणि १८८४ मध्ये अमेरिकन केनेल क्लब अस्तित्वात आला. प्रदर्शनात पारितोषिके द्यावयाची तर स्पर्धकांची ओळख निश्चित हवी, म्हणून वंशनोंदवही आली. कालांतराने या वह्या बहुतांश 'बंद' झाल्या. ज्यांचे माता-पिता आधीच वहीत आहेत त्यांचीच संतती पुढे वहीत येऊ शकते, असा दंडक पडला.

या बंद वहीआधीचा इतिहास मात्र संकराचाच आहे. गोल्डन रिट्रीव्हर ही जात स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमथ यांनी १८६८ मध्ये पिवळ्या रंगाचा रिट्रीव्हर नर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची मादी यांच्या संकरातून सुरू केली. ही जात रशियन सर्कशीतील कुत्र्यांपासून उत्पन्न झाल्याची आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. ट्वीडमथ यांच्या पैदाशीच्या हस्तलिखित नोंदी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तिचा आधार गेला. हे उदाहरण दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. आजची शुद्ध जात ही कालचा यशस्वी संकर असते, हे त्यातून दिसते. त्याचबरोबर प्रामाणिकपणे ठेवलेली नोंद आख्यायिकेवर मात करू शकते, हेही दिसते. म्हणजे दोष नोंद ठेवण्यात नाही. नोंद कशाची ठेवायची आणि तिच्यावर किती भार टाकायचा, हा खरा प्रश्न आहे.

बंद वहीचा तोटा लवकरच उघड झाला. मर्यादित पूर्वजांच्या संततीत वारंवार संयोग घडविल्याने अंतःप्रजनन वाढते आणि एरवी झाकलेले दोष प्रकट होतात. २००८ साली बीबीसीने प्रसारित केलेल्या 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' या माहितीपटाने हे वास्तव सामान्य प्रेक्षकांपुढे मांडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये मोठे वादंग माजले आणि प्राध्यापक पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची जातीअंतर्गत पैदास तेथील प्राणिकल्याण कायद्याशी विसंगत ठरविली. तेव्हा 'शुद्ध' या शब्दाला आरोग्याचा समानार्थी शब्द मानण्यास आता जागा उरलेली नाही.

एका नावाचा जन्म

संकरित श्वानांच्या लाटेचे श्रेय वा अपश्रेय सामान्यतः ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरन यांना दिले जाते. कॉकापू त्याआधीपासून अमेरिकेत होता; परंतु नावामुळे बाजारपेठ निर्माण होते, हे लॅब्राडूडलने प्रथम सिद्ध केले. कॉनरन हे अंधांसाठी मार्गदर्शक श्वान तयार करणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेत पैदास विभागाचे काम पाहत. हवाई येथील एका अंध महिलेला मार्गदर्शक श्वान हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. केस कमी गाळणारा म्हणून कॉनरन यांनी प्रथम पूडलचा विचार केला. त्यांच्याच कथनानुसार तेहतीस पूडल तपासूनही या कामाला योग्य असा एकही मिळाला नाही. अखेर त्यांनी लॅब्राडोर व पूडल यांचा संकर केला. १९८९ च्या सुमारास जन्मलेल्या तीन पिल्लांपैकी 'सुलतान' नावाचे एकच पिल्लू त्या दांपत्याला मानवले.

या हकीकतीतील पुढचा भाग अधिक बोलका आहे. उरलेल्या दोन पिल्लांना घरी सांभाळण्यास कोणी तयार होईना, कारण ती 'मिश्र' होती. तेव्हा त्यांना 'लॅब्राडूडल' असे नाव देऊन वृत्तमाध्यमांतून प्रसिद्धी देण्यात आली आणि मागणीचा ओघ सुरू झाला. पिल्ले तीच होती, रक्त तेच होते. बदलले ते केवळ नाव. 'मिश्र' म्हणून नाकारलेला जीव जोडनावाने दुर्मीळ वस्तू ठरला. पुढे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन नभोवाणीच्या मुलाखतीत कॉनरन यांनी आपल्या निर्मितीला फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची उपमा देऊन पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांचा रोख त्या कुत्र्यांवर नव्हता. आरोग्यतपासणी न करता, केवळ पैशासाठी वाटेल ते संकर घडविणाऱ्या पैदासकारांवर होता.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कॉनरन यांच्या प्रयोगाला एक निश्चित हेतू होता आणि प्रत्येक पिल्लाची त्या हेतूच्या कसोटीवर परीक्षा झाली होती. तीनपैकी दोन पिल्ले त्या कसोटीला उतरली नाहीत, हे त्या प्रयोगानेच सांगितले. नावाला मात्र कसोटी नसते. नाव तिन्ही पिल्लांना सारखेच मिळाले.

संकर-ओज : दावा आणि मर्यादा

संकरित संतती अधिक जोमदार असते, या दाव्याला शास्त्रीय आधार आहे. निरनिराळ्या वंशांच्या संयोगात एका बाजूचा अप्रभावी दोष दुसऱ्या बाजूच्या निर्दोष जनुकामुळे झाकला जातो. यालाच संकर-ओज म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व पुस्तकाविना ठाऊक आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले, तेव्हापासून संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी बियाणे म्हणून वापरायचे नाहीत, हा धडा त्याने अनुभवातून घेतला. पहिल्या पिढीतील एकसारखेपणा व जोम दुसऱ्या पिढीत विखुरतो, हा मेंडेलच्या नियमांचाच परिणाम.

श्वानांच्या बाबतीत हे तत्त्व दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण सामाईक दोषांची आहे. दृष्टिपटलाचा हळूहळू ऱ्हास घडवून अंधत्व आणणारा एक अप्रभावी उत्परिवर्तित जनुक लॅब्राडोर व पूडल या दोन्ही जातींत आढळतो. दोन्ही जनकांत तो असेल, तर संकरित पिल्लूही आंधळे होऊ शकते. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकारही दोन्ही जातींत आहे. संकर-ओज परस्परांहून भिन्न असलेले दोष झाकतो, समान दोषांपुढे तो निष्प्रभ ठरतो. म्हणून संकर करताना जनकांची तपासणी अनावश्यक ठरत नाही. कोणते दोष सामाईक आहेत, हे तिच्याविना कळूच शकत नाही.

दुसरी अडचण पिढीची आहे. श्वानांच्या केसांतील बहुतेक विविधता तीन जनुकांनी स्पष्ट होते, असे २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. शुद्ध जातींच्या संकरातील पहिल्या पिढीतही पिल्लांचे केस तंतोतंत सारखे असतीलच असे नाही, आणि दोन लॅब्राडूडलांच्या संयोगातून एकाच वेतात कुरळी, लहरी व सरळ केसांची पिल्ले जन्माला येऊ शकतात. यावर उपाय म्हणून पैदासकार संकरित मादी पुन्हा पूडलला देतात. त्याचा परिणाम काय होतो? 'प्लॉस जेनेटिक्स' या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल' म्हणून पैदा होणाऱ्या श्वानांच्या जनुकसंचात पूडलचा वाटा फार मोठा असल्याचे आढळले. जोडनावातील दोन शब्द समसमान वाट्याचा आभास निर्माण करतात. वास्तव मात्र गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे एका बाजूला झुकलेले असते.

पुराव्याची साक्ष

संकरित श्वान घेणाऱ्यांच्या मनात प्रामुख्याने दोन अपेक्षा असतात : ॲलर्जीपासून मुक्तता आणि उत्तम आरोग्य. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये 'ॲलर्जी न होणारे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॅब्राडूडल, पूडल आदी श्वानांची इतर श्वानांशी तुलना केली. ॲलर्जीस कारणीभूत ठरणाऱ्या प्रमुख प्रथिनाचे प्रमाण या श्वानांच्या केसांत कमी नव्हते, उलट अधिक होते. घरातील हवेतही फरक आढळला नाही. लॅब्राडूडलच्या घरांतील जमिनीवरच्या धुळीत ते काहीसे कमी होते, इतकेच. ॲलर्जी केसांमुळे होते हा समजच अपुरा आहे. ती लाळेतील व त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते, आणि ही प्रथिने न गळणाऱ्या केसांच्या कुत्र्यातही असतातच.

आरोग्याविषयी ब्रिटनमधील रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. कॉकापू, लॅब्राडूडल व कॅव्हापू या तीन संकरांची ५७ विकारांच्या बाबतीत त्यांच्या मूळ जातींशी तुलना त्यात केली होती. ८६.६ टक्के तुलनांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ७ टक्के तुलनांत संकरित श्वानांत विकाराची शक्यता अधिक, तर ६.४ टक्के तुलनांत कमी होती. हा निष्कर्ष दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे. संकर म्हणजे आरोग्य, हे म्हणणे त्याने टिकत नाही. आणि संकर म्हणजे ऱ्हास, हेही टिकत नाही. एकंदर आरोग्याचे भाकीत केवळ जातीच्या वा संकराच्या नावावरून करता येत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

नोंद नेमके काय सांगते?

जुन्या केनेल क्लबांनी संकरांना वंशनोंदवहीत स्थान न दिल्याने स्वतंत्र नोंदणीसंस्था निर्माण झाल्या. अमेरिकेतील अमेरिकन कॅनाइन हायब्रिड क्लब ही त्यांपैकी एक. अशा संस्थांच्या याद्यांत शेकडो जोडनावे आढळतात. पैदासकाराने अर्ज भरावा, जनकांची माहिती द्यावी, शुल्क भरावे आणि पिल्लाला प्रमाणपत्र मिळावे, असे या व्यवहाराचे सर्वसाधारण स्वरूप आहे. प्रमाणपत्रावर जात नसलेल्या श्वानाला जातीसारखे नाव मिळते आणि ग्राहकाला शुद्ध जातीच्या कागदाचे समाधान लाभते.

शुद्धतावादी टीकाकार या कागदाला पोकळ म्हणतात. तथापि त्यांच्या हातातील कागद तरी कितपत भरीव आहे? अमेरिकन केनेल क्लब स्वतःच स्पष्ट करतो, की नोंदणीचे प्रमाणपत्र श्वान अमुक नर-मादीची संतती असल्याचे दर्शविते. त्याच्या गुणवत्तेची वा प्रकृतीची ग्वाही देत नाही. म्हणजे काही प्रसंगी होणारी जनुकीय पडताळणी वगळता येथेही मूळ आधार पैदासकाराच्या शब्दाचाच. त्र्यंबकेश्वरसारख्या तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. कोण कोणाचा पुत्र, हे ती चोपडी विश्वासाने सांगते. पण त्यावरून नातवाची नजर वा सांधे कसे आहेत, याचा अदमास कोणी बांधत नाही. श्वानांच्या बाबतीत मात्र नेमका तोच अदमास बांधला जातो आणि त्याचे मूल्य रोखीने चुकते केले जाते.

संकरित श्वानांच्या नोंदणीसंस्थांनी जुन्या क्लबांच्या वहीतील शिस्त उचलली नाही, तिची प्रतिष्ठा तेवढी उचलली, ही टीका रास्त आहे. परंतु ती प्रतिष्ठा मुळात अवाजवी होती म्हणूनच तिची नक्कल इतकी सोपी झाली, हे टीकेचे दुसरे अंगही तितकेच खरे आहे.

डाल्मेशियनचा धडा

हेतुपूर्वक केलेला संकर आणि काटेकोर नोंद एकत्र आल्यास काय साधते, याचे उत्तम उदाहरण डाल्मेशियन या ठिपकेदार जातीत मिळते. या जातीतील श्वानांच्या मूत्रात यूरिक आम्लाचे प्रमाण असाधारण असते व त्यामुळे मूतखडे होण्याचा धोका राहतो. सदोष जनुक संपूर्ण जातीत स्थिरावल्याने जातीअंतर्गत निवडीला वावच नव्हता. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी संकर केला आणि नंतरच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनशीच संयोग घडवीत निर्दोष जनुक तेवढे राखले. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन श्वानांची नोंद केली, पण जातीच्या पुरस्कर्त्यांच्या विरोधामुळे पुढील नोंदणी थांबली. २००८ मध्ये संबंधित जनुक ओळखले गेले व चाचणी शक्य झाली. ब्रिटनच्या क्लबने २०१० मध्ये आणि अमेरिकन क्लबने २०११ मध्ये या वंशाला दार उघडले.

तीन दशके हे निरोगी श्वान वहीबाहेर राहिले. त्यांच्यात पॉइंटरचा अंश तोवर एक टक्क्याहूनही कमी उरला होता. त्याच काळात सदोष श्वान मात्र विनाअडथळा नोंदले जात होते. येथे वहीचे कार्य उलटे झाले. जातीच्या हितासाठी असलेली वहीच जातीच्या उपचाराआड आली. लॅब्राडूडल आणि डाल्मेशियन या दोन प्रकरणांची सांगड घातली, तर चित्र पूर्ण होते. एकीकडे तपासणीशिवाय नाव मिळाले; दुसरीकडे तपासणी होऊनही नाव नाकारले गेले. दोन्ही ठिकाणी नाव आणि आरोग्य यांची फारकत झाली.

भारतीय संदर्भ

नाव आणि श्वान यांच्यातील अंतर भारतातही अपरिचित नाही. दख्खनच्या पठारावरील सडपातळ, वेगवान शिकारी श्वान महाराष्ट्रात 'कारवानी' म्हणून ओळखला जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयामुळे तोच 'मुधोळ हाउंड' झाला. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो 'कॅरव्हान हाउंड' आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी 'मुधोळ हाउंड'. धनगराच्या वा शिकाऱ्याच्या दृष्टीने या नावांना महत्त्व नव्हते. धाव, दम आणि काटकपणा हीच त्यांची नोंद होती.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० खाली २०१७ मध्ये श्वानांची पैदास व विक्री यासंबंधीचे नियम करण्यात आले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, मादीकडून वर्षात एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेत घेऊ नयेत, अशा तरतुदी त्यांत आहेत. या नियमांचे वैशिष्ट्य असे, की येथे 'नोंदणी' या शब्दाचा रोख पिल्लाच्या कुळावर नाही, पैदास करणाऱ्याच्या वर्तनावर आहे. अंमलबजावणीचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. तरीही नोंदणीचे हे तत्त्व केनेल क्लबांच्या आणि संकर-नोंदणीसंस्थांच्या तत्त्वाहून अधिक प्रगल्भ मानावे लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की डिझायनर संकरित श्वानांविषयीचा वाद 'शुद्ध की संकर' या चौकटीत सुटणार नाही. संकर हे एक साधन आहे. ट्वीडमथ, कॉनरन आणि शायबल या तिघांनी ते हेतू व परीक्षण यांसह वापरले. बाजाराने ते नाव व किंमत यांसाठी वापरले. नोंदणीची खरी कसोटीही याच भेदावर लागते.

विश्वसनीय नोंदवहीत किमान चार गोष्टी असाव्यात : कातडीखाली बसविलेल्या चिपेद्वारे श्वानाची कायम ओळख, जनुकीय चाचणीने पडताळलेले पितृत्व व मातृत्व, जनकांच्या आरोग्यचाचण्यांचे चांगले-वाईट सर्व निकाल आणि मादीच्या वेतांची गणना. ही अपेक्षा अवास्तव नाही. स्वीडनच्या केनेल क्लबने आरोग्यविषयक नोंदी सर्वांना पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. अमेरिकेत १९६६ पासून कार्यरत असलेल्या ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्सकडे संकरित श्वानांच्या तपासण्यांचीही नोंद होऊ शकते. फक्त प्रतिकूल निकाल मालकाच्या संमतीशिवाय उघड होत नाहीत. नेमकी ही शेवटची पळवाट बुजविणे आवश्यक आहे, कारण नोंदवहीची विश्वासार्हता तिने झाकलेल्या गोष्टींवरून ठरते.

या साऱ्या व्यवहारात प्रमाणपत्र पैदासकार देतो, ग्राहक घेतो आणि संस्था त्यावर शिक्का मारते. ज्याच्या नावाने ते निघते, त्या मुक्या जीवाला त्यातील अक्षर कळत नाही. त्याच्या वाट्याला येतात ते केवळ त्याचे डोळे, त्याचे सांधे आणि त्याचे आयुष्य. त्यांविषयी जो कागद मौन बाळगतो, तो शुद्ध जातीचा असो वा संकराचा, त्याला नोंद म्हणता येईल, प्रमाण म्हणता येणार नाही.